आयपीने कनेक्ट होतं, नावाने होत नाही

प्रश्न: आमच्या कंपनीत एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनचं क्लाउड) पाच अकाउंट्स आहेत. नेटवर्क टीमच्या अकाउंटात एक मोठं व्हीपीसी (क्लाउडमधलं खाजगी नेटवर्क) आहे, त्यातले सबनेट (त्या नेटवर्कचे तुकडे) त्यांनी आम्हाला शेअर करून दिलेत. मी आमच्या अकाउंटात राऊट 53 वर (एडब्ल्यूएसची डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी सांगणारी सेवा) प्रायव्हेट झोन, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कला दिसणारी नावांची यादी, बनवून डेटाबेसचा रेकॉर्ड टाकला. आयपीने कनेक्ट होतं, नावाने केलं की एनएक्सडोमेन. दोन दिवस सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरचा फायरवॉल) उघडून बघतोय, काय राहिलं?
– एक वाचक, पुणे

उत्तर: सिक्युरिटी ग्रुपला बिचाऱ्याला सोडा आता, तो असता तर टाइमआऊट आला असता. एनएक्सडोमेन म्हणजे तुमचा प्रश्न नीट पोचलाय आणि समोरून "या नावाचं कोणी नाही" असं सरळ उत्तर आलंय.

झोन बनवताना एक व्हीपीसी द्यावंच लागतं, तुम्ही बहुतेक तुमच्याच अकाउंटातलं डीफॉल्टवालं देऊन मोकळे झालात. पण सर्व्हर कुठे आहे? शेअर केलेल्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्क टीमच्या व्हीपीसीत. तो नाव विचारतो तिथल्याच रिझॉल्व्हरला, म्हणजे नावाचा आयपी शोधून देणाऱ्याला (व्हीपीसीची रेंज 10.0.0.0/16 असेल तर 10.0.0.2 ला) आणि त्याला तुमच्या झोनचा पत्ताच नाही. फ्लॅट तुम्ही भाड्याने घेतला तरी वॉचमन सोसायटीचाच असतो ना, त्याच्या वहीत नाव नसेल तर पाहुणा गेटवरूनच परत. झोन अकाउंटला नाही, व्हीपीसीला जोडलेला असतो, आणि अकाउंट-अकाउंट करत बसलो की सगळे इथेच अडकतो (मीही अडकलोय, तेव्हा लाजू नका).

आता जोडायचं कसं, तर दोन पायऱ्या आहेत आणि दोन्ही कन्सोलवरून (एडब्ल्यूएसच्या वेब पानावरून) होत नाहीत, सीएलआय (कमांड लाइन) किंवा एपीआयच लागतो. आधी तुमच्या अकाउंटातून, म्हणजे झोन जिथे आहे तिथून, त्या व्हीपीसीसाठी ऑथरायझेशन (परवानगी) द्यायचं, मग नेटवर्क टीमने त्यांच्या अकाउंटातून झोन व्हीपीसीला असोसिएट करायचा, म्हणजे जोडायचा. म्हणजे तुम्ही कितीही आटापिटा केलात तरी दुसरी कमांड त्यांनीच मारायला हवी, तिकीट टाका आणि चहा प्या. जोडणी झाली की ऑथरायझेशन डिलीट करून टाका, जोडणी तुटत नाही. आणि त्या व्हीपीसीवर डीएनएस सपोर्ट आणि डीएनएस होस्टनेम्स हे दोन्ही पर्याय चालू आहेत ना, तेही त्यांना एकदा बघायला सांगा.

एक लक्षात असू द्या, एकदा जोडलं की त्या व्हीपीसीत बसलेल्या सगळ्याच टीम्सना तुमची नावं दिसणार. फक्त आमच्याच सर्व्हरना दिसू देत असं त्यात काही नाही.

प्रश्न: आम्ही आतल्या सर्व्हरसाठी कंपनीच्या वेबसाइटच्याच नावाने प्रायव्हेट झोन बनवला, तेव्हापासून आतून वेबसाइटच उघडत नाही. बाहेरून मस्त चालते.

उत्तर: चालणारच की बाहेरून! व्हीपीसीच्या आत प्रायव्हेट झोनचं नाव जुळलं की रिझॉल्व्हर त्यातच शोधतो, रेकॉर्ड सापडला नाही तर पब्लिकवाल्याकडे बघायलाही जात नाही. वेबसाइटचा रेकॉर्ड आतल्या झोनमध्येही टाका, पण मग दोन ठिकाणी सांभाळत बसा, आणि एक बदलला की दुसरा हमखास विसरतो. त्यापेक्षा आतल्यांसाठी वेगळा सबडोमेन घ्या. आणि रेकॉर्ड टाकल्या टाकल्या चालला नाही म्हणून लगेच तो उडवू नका, "नाही" हे उत्तरसुद्धा कॅशमध्ये राहतं, राऊट 53 च्या डीफॉल्ट सेटिंगवर 900 सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं.

प्रश्न: दोन व्हीपीसींमध्ये पीअरिंग (थेट जोडणी) केलंय, त्यात डीएनएस रिझोल्यूशनचा टिकही लावलाय, तरी पलीकडचा प्रायव्हेट झोन दिसत नाही.

उत्तर: त्या टिकने भल्याभल्यांना फसवलंय. त्याने फक्त पलीकडच्या सर्व्हरचं पब्लिक होस्टनेम प्रायव्हेट आयपीला रिझॉल्व्ह होतं, झोनशी त्याचा काही संबंध नाही. पीअरिंगने रस्ता होतो, नावं नाही येत, झोन दुसऱ्या व्हीपीसीलाही वेगळा जोडावाच लागतो. व्हीपीसी दोन-तीन असतील तर हातानेच जोडा, ढीगभर असतील तर 2024 मध्ये आलेलं राऊट 53 प्रोफाइल्स बघा, त्यात झोन एकदाच टाकायचे आणि ते प्रोफाइल बाकीच्या अकाउंट्सना शेअर करायचं.