फायली उघडत नाहीत: हार्डडिस्क गेली की रॅन्समवेअर शिरलं?

प्रश्न: दारव्हा तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. परवा रात्री मशीन सुरू असताना तीन-चार वेळा लाइट गेली. सकाळपासून पीकविम्याच्या पीडीएफ, सातबारे, ग्राहकांचे फोटो, काहीच उघडत नाही. कॉम्प्युटर मात्र व्यवस्थित चालू होतो. हार्डडिस्क गेली असेल का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: लाइटच्या ये-जा मुळे हार्डडिस्क बिघडते, पण मग मशीन अडखळतं, डिस्क टकटक वाजते, काही फायली जातात, काही राहतात. शॉर्टकट व्हायरसमध्ये पेनड्राइव्हवरचे फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात. मूळ फायली नुसत्या लपलेल्या असतात, शाबूत असतात.

एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. पीडीएफ, फोटो, वर्ड, सगळ्यांच्या नावांमागे तीच अनोळखी अक्षरं चिकटलेली दिसली आणि फोल्डराफोल्डरात ‘रीडमी’ नावाची टेक्स्ट फाइल सापडली, तर ते रॅन्समवेअरच, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस. विंडोज चालू राहते कारण तिच्या स्वतःच्या फायलींना हात लावलेला नसतो. पैसे मागणारी ती ‘रीडमी’ची चिठ्ठी तुम्हाला वाचता यायला हवी ना!

चिकटलेली अक्षरं चार असतील, तर बहुधा ‘स्टॉप’ ऊर्फ ‘डीजेव्हीयू’ जातीचं. ते येतं क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगणारं काही अलीकडे टाकलं होतं का, आठवा. ते चालताना विंडोज अपडेटची खोटी खिडकी दिसते.

रात्री लाइट गेल्यामुळे त्याचं काम अर्धवट राहिलं असेल, तर काही फोल्डर वाचलेही असतील. पण मशीन सुरू केलं की ते उरलेल्या फायलींना भिडतं, आणि लावलेला पेनड्राइव्हही लॉक करतं. म्हणून बॅकअपचा पेनड्राइव्ह मुळीच लावू नका. इंटरनेटची वायर काढा, चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो घ्या, त्यातला ‘पर्सनल आयडी’ शेवटच्या अक्षरापर्यंत स्पष्ट यायला हवा. मग मशीन बंद करा. फॉरमॅट नको, फायलींची नावं बदलणंही नको. जाणकाराकडून डिस्क काढून दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर सगळ्याची नक्कल करून घ्या.

आयडीच्या शेवटी ‘टी१’ असेल तर थोडी आशा आहे: अशा वेळी लॉक उघडणारी किल्ली अनेकांना सारखीच लागते, ती मिळालेली असेल तर एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या मोफत डिक्रिप्टरने (लॉक काढणाऱ्या प्रोग्रॅमने) फायली उघडतात. २०१६ साली युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून काढलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ साइटवर इतर जातींची साधनंही फुकट आहेत. हे जमलं नाही तर ‘हमखास काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, आणि खंडणीही भरू नका. पैसे भरूनही किल्ली मिळेलच असं नाही. लॉक फायली जपून ठेवा, किल्ली पुढे मिळू शकते. सातबारे महाभूमीवरून पुन्हा काढता येतील.

याच जातीसोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही अनेकदा येतो. बँकेचे आणि पोर्टलचे पासवर्ड आजच मोबाइलवरून बदला, खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. ज्यांच्या आधारच्या प्रती मशीनवर होत्या, त्या ग्राहकांनाही कळवा.