‘मी स्वस्तात गेले का काकू?’

एप्रिल २०२५ मधली गोष्ट आहे. नावं, गावं सगळं बदललंय आणि घरातल्या तिघांनाही विचारूनच लिहितेय, तरी कुणाला ओळखू आलंच तर कृपया तिथेच सोडून द्या.

मी इथे अमेरिकेत समुपदेशन करते, येणारी घरं बहुतेक आपलीच, मराठी, थोडी गुजराती, थोडी तेलुगू. विषय ठरलेले असतात, मुलगा घरात बोलत नाही, मुलीला मेडिकलला जायचं नाही, सासूसासरे सहा महिन्यांसाठी आलेत. पण गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीनच काळजी यायला लागलीय आणि ती घेऊन येणारे आईबाप आधी स्वतःच ओशाळवाणं हसून घेतात. मुलगी कॉलेजकडून बास्केटबॉल खेळते, दुसऱ्या कॉलेजने पैसे देऊ केलेत, ती जायचं म्हणतेय. मग मुलगी पैशामागे लागली का, आमचंच काही चुकलं का, आणि जाऊ द्यावं का.

त्यातलंच हे एक घर. रेवा म्हणू तिला. वय २०, मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, मध्यम आकाराच्या कॉलेजात पूर्ण स्कॉलरशिपवर, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन टीमचा खेळ चालवणारी. बाबा इचलकरंजीचे, आयटीतले. आई साताऱ्याची, इथल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. मला स्वतःला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, मी शाळेत खोखो खेळलेली बाई, पाठीवर थाप बसली की पळायचं एवढंच माहीत. जे कळलं ते या मुलींकडून आणि त्यांच्या आईबापांनी धास्तीने वाचून काढलेल्या कागदांवरून.

आधी थोडं समजून घ्यावं लागेल नाहीतर भांडण कशावरून होतं तेच कळणार नाही. २०२१ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूला स्कॉलरशिप सोडून एक पैसा घ्यायची परवानगी नव्हती, जाहिरात केली तर बंदी. १ जुलै २०२१ पासून एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, एनआयएल उघडलं, म्हणजे स्वतःचं नाव, चेहरा, ओळख वापरून पैसे कमवा. त्याच वर्षी कॉलेज बदलायचा नियमही सैल झाला, आधी बदललं की साधारण वर्षभर बसून राहावं लागायचं, मग एकदा मोफत, आणि एप्रिल २०२४ पासून मार्क ठीक असतील तर कितीही वेळा बदला, लगेच खेळा. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आल्या असत्या तर एवढा गोंधळ झाला नसता, पण एकत्र आल्या आणि पोर्टलचा बाजार झाला. पोर्टल म्हणजे एक यादी, त्यात नाव टाकलं की बाकीचे कोच तुम्हाला फोन करू शकतात. २०२५ साली मुलींच्या बास्केटबॉलसाठी ते २५ मार्चला उघडलं, ३० दिवसांसाठी.

नियमाप्रमाणे नाव टाकायच्या आधी कुणी फोन करायचा नाही. म्हणून फोन मुलीला येत नाही, शाळेत असताना उन्हाळ्यात ती ज्या क्लबकडून खेळायची त्या कोचला येतो. रेवाच्या बाबतीत तेच झालं. क्लबच्या कोचने तिच्या बाबांना गाठलं, म्हणाला मोठ्या कॉन्फरन्समधलं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या मोठ्या कॉलेजांच्या गटातलं कॉलेज आहे, गार्ड पाहिजे, पाच आकडी डॉलर देतील, पण जज हो म्हणाली तर. कारण त्या वेळी हाऊस केसची, म्हणजे खेळाडूंनी पैशांसाठी एनसीएएवर केलेल्या खटल्याची, तडजोड कोर्टात अडकलेली, कॉलेजांनी स्वतः खेळाडूंना थेट पैसे द्यायचे की नाही हे जज क्लॉडिया विल्केन ठरवणार होत्या. आता गंमत बघा, २३ एप्रिलला त्यांनी सांगितलं की टीममधल्या जागांवर घातलेली मर्यादा नीट केल्याशिवाय मी सही करत नाही, आणि पोर्टल बंद व्हायला आलेलं. शेवटी मंजुरी मिळाली ६ जूनला. म्हणजे विशीच्या मुलीने एप्रिलमध्ये ठरवायचं आणि पैसे येणार की नाही ते जूनमध्ये कळणार.

आईबाप पहिल्यांदा आले तेव्हा रेवा नव्हती. ती सज्ञान आहे, तिचं बोलणं मी तुम्हाला सांगणार नाही हे आधीच सांगितलं, बाबांना ते फारसं आवडलं नाही. मग दोघांचं सुरू झालं. बाबांचा मुद्दा एंजल रीस. ही खेळाडू मेरीलँड कॉलेज सोडून २०२२ ला एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) गेली, २०२३ ला चॅम्पियन झाली, मग जाहिरातीच जाहिराती. आईकडे उत्तर तयार होतं, केटलिन क्लार्क कुठे गेली हो, चार वर्षं आयोवातच राहिली ना, आपल्याच राज्यात, तरी सगळ्यात जास्त नाव तिचं, आणि पेज बेकर्सही यूकॉन सोडून गेली नाही. साताऱ्याची बाई केटलिन क्लार्कवर एवढ्या तावातावाने बोलतेय हे बघून मला आत कुठेतरी बरंच वाटलं, पण चेहरा सरळ ठेवला.

खरं तर दोघंही बरोबर होते आणि दोघांचीही उदाहरणं निरुपयोगी होती. त्या मुलींच्या नावाला किंमत होती, कॉलेज कुठलंही असतं तरी. रेवासारख्या मुलीला जे मिळतं ते नावाचं नसतं, जागेचं असतं, त्या टीमला या वर्षी गार्ड कमी पडतेय म्हणून. मुलींच्या बाबतीत ही रक्कमही मुळात बेताचीच. तडजोडीनुसार पहिल्या वर्षी, २०२५-२६ ला, एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटता येणार होते, पण आधीच्या खेळाडूंना मागची भरपाई वाटताना जे सूत्र धरलं त्यात फुटबॉलला ७५ टक्के, मुलांच्या बास्केटबॉलला १५ आणि मुलींच्या बास्केटबॉलला ५. पुढेही कुणी तेच धरलं तर मुलींच्या टीमला दहा लाख डॉलर, १५ जणींत, आणि त्यातला मोठा घास दोघी-तिघी खाणार. (२०२४ ची मुलींची फायनल मुलांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी बघितली होती, तरी हे असं. असो, मी चिडले की विषय भरकटतो.)

आईचं खरं दुखणं वेगळंच निघालं. “ताई, त्या कोचबाईंनी हिला शाळेत असताना हेरलं, घरी येऊन पोहे खाऊन गेल्या, आता चार पैसे जास्त दिसले की त्यांना सोडायचं? हे काय संस्कार झाले?” मी किम मल्की या कोचबाईंचं सांगितलं, २०२१ ला बेलर कॉलेज सोडून एलएसयूला आल्या, तीनदा जिंकून दिलं होतं बेलरला, आणि २०२३ मध्ये त्यांना १० वर्षांचा तीन कोटी डॉलरच्या वरचा करार मिळाला. कोच जाते तेव्हा आपण त्याला करिअर म्हणतो. आई गप्प बसल्या पण पटलेलं दिसलं नाही, आणि खरं सांगते, मलाही ते अर्धंच पटतं, कारण पोहे खाऊन गेलेल्या माणसाचं काहीतरी लागतंच आपल्याला.

मग बाबांना विचारलं, तुम्ही अमेरिकेत आल्यापासून कंपन्या किती बदलल्या? ते म्हणाले पाच. कशासाठी? पहिल्यांदा ग्रीन कार्डासाठी, नंतर... आणि थांबले. आई म्हणाल्या, “नंतर हाईकसाठी.” मग तिघंही हसलो. अर्थात फरक आहेच, ते पस्तिशीत होते, दुसरी ऑफर हातात असताना राजीनामा देत होते. इथे आधी राजीनामा आणि मग ऑफर. पोर्टलमध्ये नाव टाकलं की जुनं कॉलेज ती टर्म संपल्यावर स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं. हे बाबांना माहीतच नव्हतं, क्लबच्या कोचने सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी रेवा एकटी आली. उंच, खांदे पाडून बसलेली, हातात पाण्याची मोठी बाटली. पहिली वीस मिनिटं “आय एम फाइन काकू.” झोप? ठीक. जेवण? ठीक. मी म्हटलं बरं, मग आपण दोघी नुसत्याच बसू. थोड्या वेळाने म्हणाली पहाटे तीनला जाग येते रोज, ऑक्टोबरपासून. ऑक्टोबरपासून, म्हणजे ऑफरच्या कितीतरी आधीपासून.

झालं होतं असं, की तिच्या कोचने आदल्या वर्षी पोर्टलमधून एक मुलगी आणली, तीच हिची रूममेट. एकदा पिझ्झाचे पैसे वाटून घेताना हिने चुकून तिच्या फोनवर रक्कम बघितली, देणगीदारांच्या गटाकडून दर महिन्याला येणारी. रेवा सुरुवातीच्या पाचांत खेळायची, ती बेंचवर असायची. रेवाला स्कॉलरशिपच्या वर शून्य. कारण ती शाळेतून आली, सही केली तेव्हा सतरा वर्षांची होती, कुणी काही मागायचं असतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, स्कॉलरशिप मिळाली म्हणून पेढे वाटले होते. “मी स्वस्तात गेले का काकू?” हे ती मराठीत म्हणाली, बाकी सगळं इंग्रजीत चाललेलं. त्यानंतर प्रत्येक शॉट चुकला की डोक्यात आकडा यायचा, म्हणायची आता तर फुकटातही महाग आहे मी.

बाहेर आईबाप पैसा की निष्ठा यावर भांडत होते आणि आत ही मुलगी त्या दोन्हींपैकी कशातच नव्हती.

मी तिला समजावलं नाही, तू अमूल्य आहेस वगैरे. वीस वर्षांच्या पोरीला ते खोटं वाटतं, आणि तिच्या धंद्यात किंमत खरोखर लावली जाते, तर नाही म्हणून कसं चालेल. मी एवढंच विचारलं की समजा ते मोठं कॉलेज मिळालं, रक्कम ठरली, तर पहिल्यांदा कुणाला सांगावंसं वाटेल? ती लगेच म्हणाली, रूममेटला. मग स्वतःच दचकली. आई नाही, बाबा नाही, इचलकरंजीची आजी नाही. मी विचारलं, सांगून झालं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी काय? खूप वेळाने म्हणाली, “सहाची प्रॅक्टिस.” पुढच्या दोन भेटी आम्ही त्या सहाच्या प्रॅक्टिसवरच बोललो, कुठली कोच ओरडते, कुठे तिला बॉल हातात मिळेल, कुठे वर्षभर टाळ्याच वाजवायला लागतील.

आणि प्रश्नांची यादी केली, ती मात्र तिने स्वतः केली, मी फक्त टोकत होते. इंजिनिअरिंगचे किती क्रेडिट नवीन ठिकाणी धरतील, कारण तिसरं वर्ष सुरू होताना डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण पाहिजे नाहीतर खेळताच येत नाही, आणि हा नियम क्लबवाले सांगत नाहीत. पैसे कॉलेज स्वतः देणार की बाहेरची कुणी कंपनी, बाहेरचे असतील आणि ६०० डॉलरच्या वर असतील तर ते तपासणीला जाणार. करार एक वर्षाचा की दोन, मध्येच सोडलं तर परत काय द्यायचं. एजंटला किती टक्के. टॅक्स कापून येत नाही, आपणच बाजूला काढायचा, इन्कम टॅक्स वेगळा आणि स्वतंत्र धंदा करणाऱ्याला लागतो तो १५.३ टक्के वेगळा. हे शेवटचं ऐकून तिचा चेहरा पडला, विशीत सगळ्यांचाच पडतो.

तिने नाव टाकलं. आईला फोनवर सांगितलं, आई रडल्या, बाबांनी एक्सेल शीट केली. आणि चार दिवसांत त्या मोठ्या कॉलेजने दुसऱ्याच मोठ्या टीममधली तयार गार्ड घेतली. क्लबचा कोच फोन उचलेना. हे असं सर्रास होतं, वरची मुलगी हलली की खालच्या सगळ्या जागा हलतात. त्याच महिन्यात ऑलिव्हिया माइल्स ही नावाजलेली गार्ड डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टला (तिथे टीम क्रमाने नव्या खेळाडू निवडतात) न जाता नोत्र दाम कॉलेजहून टीसीयू कॉलेजला गेली, वरच्या क्रमांकाला जाईल असं सगळे म्हणत होते आणि तिथे २०२५ ला पहिल्या चार क्रमांकांना पहिल्या वर्षाचा पगार ७८,८३१ डॉलर होता. वरच्या मुली कॉलेज सोडून जात नाहीत म्हटल्यावर खाली जागा कुठून होणार. शाळेतून येणाऱ्या पोरींचं तर विचारूच नका, कोच म्हणतात अठराची शिकवण्यापेक्षा बावीसची तयार बरी.

नऊ दिवस रेवाकडे काहीच नव्हतं. जुन्या कोचबाई बोलल्या नीट, पण जागा राखून ठेवीन असं काही म्हणाल्या नाहीत. मी सुद्धा त्या नऊ दिवसांत स्वतःला विचारलं की मी थोपवायला हवं होतं का. माझं काम थोपवायचं नाही हे मला माहीत आहे, तरी रात्री विचार यायचाच. गंमत म्हणजे तिला त्याच दिवसांत झोप लागायला लागली. मी विचारलं कसं काय, तर म्हणाली आता सगळ्यांना माहितीय मला काय पाहिजे, लपवायला काही नाही.

मग शेजारच्या राज्यातलं एक कॉलेज आलं. रक्कम आधीच्या ऑफरच्या निम्म्याहून कमी, दोन विषय सोडून सगळे क्रेडिट धरले. रेवाने कोचला व्हिडिओ कॉलवर यादीतले सगळे प्रश्न विचारले, बाबा कॅमेऱ्याबाहेर बसून हातवारे करत होते म्हणे. तिने सही केली. राज्य बदललं म्हणून माझं लायसन्स तिकडे चालत नाही, तिला तिकडची समुपदेशक शोधून दिली आणि आमचं काम तिथे संपलं.

नोव्हेंबरमध्ये इंडियन ग्रोसरीत आई भेटल्या, कोथिंबिरीच्या पेट्या उचकत होत्या. रेवा सध्या बेंचवरून येते, चौदा-पंधरा मिनिटं खेळते, बाबांनी टॅक्सच्या तारखा फ्रिजवर चिकटवल्यात, पहिल्या पैशातून आजीला इचलकरंजीला नवा फ्रिज घेऊन दिला. आईंच्या अंगात जुन्या कॉलेजचा टीशर्ट होता. माझं लक्ष गेलेलं बघून खाली बघत म्हणाल्या, “कापड चांगलंय हो, अजून विटलं नाही.” आणि दुसरी जुडी उचलली.