फ्लॉवरहॉर्न घेताय? आधी टाकी बघा

दुकानात दोन इंचांचं पिल्लू दिसतं आणि दीड फुटी टाकी पुरेल असं वाटतं. नाही पुरत. फ्लॉवरहॉर्न हा १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झालेला मासा. नीट सांभाळला तर फूटभर वाढतो आणि १०-१२ वर्षं जगतो. पहिल्याच वर्षात तो झपाट्याने वाढतो, त्यामुळे ‘मोठी टाकी नंतर घेऊ’ हा बेत सोडा. एका माशाला चार फुटी, साधारण ३०० लिटरची टाकी हवी.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- एकटाच ठेवा. सोबतीला सोडलेला मासा बहुतेक वेळा मार खातो.
- दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नळाचं पाणी क्लोरीन घालवूनच.
- डोक्यावरचा उंचवटा वाढावा म्हणून जास्त खायला घालू नका. तो मुख्यतः वंशावर ठरतो, उरलेल्या खाण्याने मात्र पाणी नासतं.

जागा कमी असेल तर तैवानचा संकर ब्लड पॅरट बघा. तो आठ इंचांपर्यंतच वाढतो, पण १० वर्षं सहज जगतो. त्याचं तोंड पूर्ण मिटत नाही, म्हणून बुडणारे छोटे दाणे द्या. निळे-जांभळे ब्लड पॅरट रंगवलेले असतात, ते अजिबात घेऊ नका.