"त्याला जरा सांभाळून घ्या हं!"

शाळा सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, हौसेनं स्काऊटमध्ये घातलं, पण मुलगा तिथं रुळतच नाही. काढून घेऊ का?" गाईडमधल्या मुलींच्या आयाही हेच विचारतात. म्हणून एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वडिलांची बदली झाली म्हणून पाटण तालुक्यातून साताऱ्यात आलेला सातवीतला मुलगा. आईचं म्हणणं, "गावाकडं दिवसभर उंडारायचा. इथं परेडला जातो आणि खांबासारखा उभा राहतो."

मी त्याला विचारलं, "तिथं काय करतोस?"

"बघतो."

"काय बघतोस?"

"गाठी मारतात ते. तंबू ठोकतात ते. मी पुढं झालो की म्हणतात, तू बस, तुला त्रास नको."

हे 'त्रास नको' कुठून आलं? आईच सांगून बसल्या, "मीच सरांना म्हटलं होतं, लाजाळू आहे, जरा सांभाळून घ्या." सरांनी ते संघनायकाला, म्हणजे त्याच्या गटाच्या म्होरक्या मुलाला, सांगितलं, संघनायकानं बाकीच्यांना, आणि सगळ्यांनी ते इमानेइतबारे पाळलं. पोरगं तिथं पाहुणा होऊन बसलं होतं. पाहुण्याला चहा मिळतो, भांडी घासायला कोणी बोलावत नाही.

माझा कल मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचाराकडे आहे. आपली इथं गरज आहे असं माणसाला वाटलं की तो तिथला होतो, असं मी इतक्या वर्षांत पुन्हापुन्हा पाहिलंय. स्काऊटची रचना मुळात यावरच उभी आहे. 1907 साली स्काऊटचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा बड्या घरची आणि कामगारांची मुलं एकत्र करून चार संघ पाडले आणि प्रत्येकाचा नायक मुलांमधूनच नेमला. आजही पथकात सहा-आठ जणांचा संघ असतो. संघनायक, उपसंघनायक आणि बाकीच्यांकडे सामान, हिशेब, प्रथमोपचाराची पेटी अशी कामं. सातारकरांना हे नवं वाटू नये. 1924 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी इथं बोर्डिंग काढलं, तिथं जातपात बाजूला ठेवून मुलं एकत्र राहत आणि आपली कामं आपणच करत.

आईची परवानगी घेऊन मी सरांशी बोलले. मागणं एवढंच होतं, की याला एक काम द्या, आणि ते झालं नाही तर संघाचं अडेल असं द्या. त्यांनी दोऱ्यांची पेटी दिली.

काही आठवड्यांनी आईंचा घाबरा फोन. "मॅडम, भांडून आलाय! संघनायकाशी!"

मी त्याला बोलावून घेतलं. येताच सुरू झाला, "ओली दोरी तशीच गुंडाळून पेटीत टाकली त्यानं. मी म्हटलं, वाळवून आण, मगच जमा करून घेतो. तो म्हणला, तू कोण सांगणारा? मी म्हटलं, पेटी माझ्याकडं आहे. कुजली तर मलाच विचारणार ना?"

"मग?"

"वाळत घातली त्यानं. कुंपणावर."

एवढं सलग तो माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलला. 'माझ्याकडं आहे' म्हणताना मान ताठ होती. मला तर त्या भांडणाचा आनंद झाला, आणि तो मी लपवलाही नाही. परक्या घरात कोणी हक्कानं भांडत नाही. शिवाय त्या संघनायकाचंही कौतुक: नव्या पोराचं ऐकून दोरी वाळत घालणं सोपं नव्हे. नियम, वचन, गाठी असा प्रवेशाचा अभ्यास पुढं यथावकाश झाला, दीक्षाविधीत स्कार्फ मिळाला, सगळ्यांनी स्काऊटच्या रीतीप्रमाणे डाव्या हातानं हस्तांदोलन केलं. पण माझ्या लेखी तो दाखल झाला दोरीच्या दिवशीच.

तेव्हा आईबाबांनो, मूल परेडहून आलं की "कोणी बोललं का रे?" विचारू नका. "तुझ्याकडे कुठलं काम आहे?" विचारा. उत्तर 'काहीच नाही' आलं तर सरांना भेटून काम मागा, सवलत मागू नका. आणि "आमच्याच मुलाला संघनायक का केलं नाही?" म्हणून भांडायला येणाऱ्यांना माझा उलट प्रश्न असतो: तो दुसऱ्याला काम सोपवून हात मागे घेऊ शकतो का? घरी धाकट्या बहिणीला भाजी आणायला पाठवून मागोमाग जाणारा मुलगा असेल तर अजून थोडं थांबा.

मात्र परेडच्या दिवशीच नेमकं पोट दुखत असेल, गावावरून किंवा जातीवरून टोमणे मारले जात असतील, अंगावर वळ दिसत असतील, तर काम मागत बसू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना गाठा.