टीसीचं तेल ओढ्याला लागलंय, कुणाला सांगायचं?

पाऊस सुरू झाल्यापासून पत्रांत आणि व्हॉट्सॅपवर एकच विषय फिरून फिरून येतोय, टीसीतून, म्हणजे गावच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधून गळणारं तेल. म्हणून बिल, मीटर, सोलर पंप वगैरे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवले आणि यावेळी फक्त याच्यावर लिहितो. माझी 31 वर्षं सबस्टेशनात गेली, या तेलाचा वास अजून नाकातून गेलेला नाही, त्यामुळे विषय माझ्या जवळचा आहे.

प्रश्न : काका नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठाला. शेताच्या बांधावर टीसी आहे, चार दिवस झाले खालच्या बाजूनं तेल गळतंय, परवा रात्री पाऊस लागला आणि सकाळी भाताच्या वाफ्यात पाण्यावर रंगीत तवंग. लाईनमनना फोन केला तर बघतो म्हणाले. भाऊ म्हणतो खाली बादली लावू, वडील म्हणतात वरून माती ओढ आणि गप बस, उगीच आपल्यावर यायचं. काय करायचं वो?

उत्तर : बादलीचं आधी सांगतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. टीसीखाली कुणीही जाऊ नका. ते तेल आत नुसतं भरून ठेवलेलं नसतं, ते दोन कामं करतं, वाइंडिंगची, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर काढतं आणि 11 हजार व्होल्टला टाकीच्या पत्र्यापासून लांब ठेवतं. तेलाची पातळी उतरली की वाइंडिंग उघडं पडतं, तापतं, आत स्पार्क होतो आणि टाकी फुटू शकते, आणि हे कधी होईल ते बाहेर उभ्या माणसाला कळत नाही. चार दिवस गळतंय म्हणजे आत किती उरलंय देव जाणे. गुरं तिकडं बांधत असाल तर आज सोडवा. आवाज बदलला, चरचर ऐकू आली किंवा धूर दिसला तर लांब सरका आणि 112 ला फोन करा. आग लागली तर पाणी अजिबात मारू नका, सप्लाय बंद झाल्याची खात्री होईपर्यंत वाळूसुद्धा जवळ जाऊन टाकायची नाही.

आता फोन. लाईनमनला सांगितलं म्हणजे तक्रार झाली असं होत नाही, तो बिचारा दहा गावं बघतो. वीज कंपनीच्या 1912 नंबरला लावा, तक्रार नोंदवा आणि नंबर मागून वहीत लिहा, वेळेसकट. टीसीवर किंवा खांबावर रंगानं नंबर लिहिलेला असतो तो सांगा, लांबूनच मोबाईलवर झूम करून फोटो घेतला तर नेमप्लेटसुद्धा वाचता येते, त्याच्यावर केव्हीए, म्हणजे टीसीची क्षमता, आणि तेल किती लिटर हे दोन्ही असतं. गावच्या 63 किंवा 100 केव्हीएच्या टीसीत साधारण शंभरच्या वर लिटर तेल मावतं. फोनवर ‘तेल गळतंय’ एवढंच सांगितलं तर ती मेंटेनन्सची तक्रार होते आणि रांगेत लागते, ‘तेल पाण्यात गेलंय’ म्हणालात की ती वेगळी गोष्ट होते. हे वाक्य विसरू नका.

फोन झाला की तेलाचा रस्ता अडवा, टीसीपासून लांब, ओढ्याच्या बाजूला. मोठ्या सबस्टेशनात ज्या ट्रान्सफॉर्मरमध्ये 2000 लिटरच्या वर तेल असतं त्याच्याखाली खडी भरलेला खड्डा करावा लागतो, सांडलेलं तेल तिथंच मुरावं म्हणून. गावच्या टीसीला असला खड्डा नसतो, तुमचं शेतच त्याचा खड्डा होतं. म्हणून वाफ्याची मोरी आधी बंद करा, पाणी बाहेर सोडायचं नाही. पाऊस जोराचा असेल आणि पाणी सोडणं भागच असेल तर बांधात पीव्हीसी पाईप घाला, आतलं तोंड पाण्याच्या तळाजवळ आणि बाहेरचं तोंड वर उचललेलं. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगत राहतं आणि खालचं पाणी पाईपातून जातं. बाहेरचं तोंड आतल्या तोंडापेक्षा वरच ठेवायचं, नाहीतर पाणी पार उतरतं आणि तेलही त्याच पाईपातून निघून जातं. हा बांध शेतकऱ्याला अर्ध्या तासात जमतो, त्याला कुठला इंजिनिअर लागत नाही.

अडवलेल्या ठिकाणी भाताचं पिंजर, तूस, सॉमिलमधला लाकडाचा भुस्सा, जे कोरडं मिळेल ते तवंगावर टाका, भिजलं की दाताळ्यानं ओढून ताडपत्रीवर काढा आणि वरून झाका. हातात प्लास्टिकचे मोजे घाला. साबणाची पावडर टाकू नका, लोक हमखास टाकतात, तवंग दिसायचा बंद होतो आणि वाटतं गेलं तेल. गेलेलं नसतं, बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळलेलं असतं आणि मग ते पिंजरानंही निघत नाही. काढलेला भुस्सा जाळूही नका, ताडपत्रीवर राहू दे, तो उचलून नेणं ज्याचा टीसी त्याचं काम आहे.

एक शंका मनात येईल म्हणून सांगतो. खानापूरकडं जांभ्याची लाल माती, तिथं डबक्यात आणि झऱ्याच्या तोंडाशी असाच रंगीत तवंग आपोआप येतो, तो लोखंडावर जगणाऱ्या जंतूंचा असतो. काडी घेऊन तवंगात फिरवा. फुटलेल्या काचेसारखे तुकडे झाले आणि तसेच राहिले तर तो जंतूंचा, भ्यायचं काही नाही. काडीमागून फिरून पुन्हा एक झाला तर तेल. अर्ज करायच्या आधी हे बघा आणि जमलं तर व्हिडिओ काढा.

आणि वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की माती ओढली की पुरावा झाकला जातो, तेल खालीच राहतं आणि पुढच्या पावसात विहिरीकडं सरकतं. उद्या भात पिवळं पडलं तर कशामुळं ते कोण सांगणार? फोटो काढा, पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी) आणि ग्राम आडळित अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्राम लेखपाल, म्हणजे तलाठी) बोलावून पंचनामा मागा, शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रातही पिकाचं कळवून ठेवा. टीसी तुमचा नाही, तो गळाला हा तुमचा गुन्हा नाही. विहीर जवळ असेल तर पंप सध्या चालवू नका, पातळी उतरली की वरचं तेल फूटव्हॉल्व्हपर्यंत पोचतं.

प्रश्न : काका, मी शहापूरची, बेळगावची. आमचे मामंजी ओळखीच्या वायरमनकडनं बाटलीभर टीसीचं तेल आणतात आणि गुडघ्याला चोळतात, म्हणतात याच्यासारखं औषध नाही. आता शेजारणीनंही मागितलंय. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही ताई, आजच बंद करा. हे खनिज तेल आहे, पेट्रोल डिझेलच्याच कुळातलं, चोळल्यावर ऊब लागते ती चोळण्याची. नव्या तेलानं निदान त्वचाच कोरडी पडेल, पण वायरमन देतो ते बहुतेक जुनं, टाकीतून काढलेलं असणार. जुन्या काही ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाचं रसायन होतं, आग लागू नये म्हणून वापरायचे, ते शरीरातल्या चरबीत साठतं आणि वर्षानुवर्षं बाहेर पडत नाही, कॅन्सरशी त्याचा संबंध सिद्ध झालाय. जगातल्या देशांनी 2001 साली स्टॉकहोमला करार करून ते हद्दपार करायचं ठरवलं, भारतानं 2006 मध्ये तो स्वीकारला आणि आपल्याकडं 2016 च्या आदेशानं त्याचा वापर 2025 अखेर संपवायचा ठरला. बाटलीतल्या तेलात ते आहे की नाही हे रंगावरनं, वासावरनं कळत नाही, लॅबलाच कळतं.

मामंजींना रागावू नका, गुडघे दुखत असताना माणूस काहीही करून बघतो, त्यांना डॉक्टरकडं न्या. आतापर्यंत चोळलंय तिथं साबणानं धुवा. बाटली मोरीत ओतू नका, वायरमनलाच परत द्या, तेलाच्या ड्रममध्ये टाक म्हणावं. घरात लहान मूल असेल तर बाटली आजच वर ठेवा, चुकून कुणी प्यायलं तर उलटी करवू नका, उलटीत तेल फुप्फुसात जातं, थेट दवाखाना.

प्रश्न : आमचं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, ट्रान्सफॉर्मर आमचा स्वतःचा, जुना घेतलेला. गेल्या आठवड्यात ड्रेन व्हॉल्व्ह सैल होऊन अंगणात तेल सांडलं, 40 एक लिटर असेल. काँट्रॅक्टर म्हणतो प्रेशरनं पाणी मारून गटारात सोडू, कुणाला कळवायची गरज नाही. खरं का?

उत्तर : खोटं. आणि पाणी मारायचा विचार डोक्यातून काढा, का ते माझ्याच अनुभवातून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका स्टेशनात ड्रम भरताना पाईप निसटला, आम्ही घाईघाईनं फरशी पाण्यानं धुतली, चकाचक केली. ते पाणी गटारातून शेजारच्या विहिरीत गेलं. रिपोर्टात ‘किरकोळ गळती, साफ केली’ असं लिहिलं गेलं, आणि ते लिहिणारा हात माझा होता. त्या घरच्या बायका पुढं कित्येक महिने लांबच्या नळावरनं पाणी आणत होत्या, मी रोज त्याच रस्त्यानं ड्युटीला जायचो. हा विषय निघाला की मी एवढं का बोलतो ते यावरनं कळेल.

तर तुमच्या अंगणात भुस्सा किंवा कोरडी वाळू पसरा, झाडून गोळा करा, गटाराच्या तोंडाला वाळूच्या पिशव्या लावा. ट्रान्सफॉर्मर तुमचा म्हणजे जबाबदारी तुमची. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, 2016 च्या नियमांत ते नाव घेऊन लिहिलंय, त्यामुळे ते आणि तेलानं भिजलेला भुस्सा फक्त परवाना असलेल्या माणसाला द्यायचा, पावती घ्यायची, भंगारवाल्याला नाही. असल्या कचऱ्याचा अपघात झाला तर त्याच नियमांखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच फोन किंवा ईमेल करायचा आणि नंतर फॉर्म 11 मध्ये रिपोर्ट द्यायचा, मंडळाचं रिजनल ऑफिस बेळगावातच आहे. आणि तेल गटारातनं नाल्यात किंवा कुणाच्या विहिरीत गेलं असेल तर 1974 च्या पाणी कायद्याचं कलम 31 लागतं, तिथं कळवणं ही मर्जीची गोष्ट राहतच नाही.

किती लिटरला कळवायचं असं बरेच जण विचारतात. अमेरिकेत नदी-समुद्राच्या पाण्यासाठी यावर साधी कसोटी आहे, पाण्यावर तेलाची नुसती चकाकी दिसली तरी कळवायचं, लिटर मोजत बसायचं नाही. आपल्याकडं कागदावर तसं लिहिलेलं नसलं तरी मी तरी तीच कसोटी धरीन. 40 लिटरला तर विचारायचीसुद्धा गरज नाही.

तुमचा ट्रान्सफॉर्मर जुना घेतलेला आहे, तेव्हा तेलाचा नमुना पीसीबीसाठी तपासून घ्या, बेंगळुरूच्या सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटला विचारा. 50 पीपीएमच्या वर आलं तर ते तेल साध्या रिसायकलरकडं जात नाही, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत गोळा केलेला माल वेगळ्या झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा.

प्रश्न : आम्ही निपाणीकडचे. यमगर्णीच्या पुलाजवळ वेदगंगेत वरून तेल येताना दिसलं, वर तर महाराष्ट्र. मग तक्रार कुठं करायची, इकडं की तिकडं?

उत्तर : दोन्हीकडं, आणि इकडं आधी. तेल आत्ता तुमच्या हद्दीत आहे, पाणी उपसा तुमच्या गावचा आहे, त्यामुळे पीडीओ, तहसीलदार आणि कर्नाटकचं प्रदूषण मंडळ. त्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंडळाच्या कोल्हापूर ऑफिसला ईमेल टाका आणि इकडच्या मंडळाचा पत्ताही त्याच ईमेलमध्ये घाला, म्हणजे ‘आमच्याकडं आलंच नाही’ कुणाला म्हणता येत नाही. कुठून आलं ते शोधत वर चालत जाऊ नका. कुठं, किती वाजता, प्रवाह कुठल्या बाजूला, एवढं टिपलं की माग काढणारा काढतो. गावच्या नळयोजनेच्या पंपवाल्याला मात्र सगळ्यात आधी फोन करा, कागद मागनं झाले तरी चालतील.

प्रश्न : काका, अर्ज मराठीत दिला तर चालतो का? मागच्या वेळी काउंटरवर परत दिला.

उत्तर : हा प्रश्न तेलाचा नसला तरी आपल्या भागात सगळं इथंच येऊन अडतं. भाषेचा हक्क आणि भांडण त्याच्या जागी आहे, मी ते कमी लेखत नाही, पण तेल वाहत असताना थांबायला वेळ नसतो. म्हणून मी लोकांना असं सांगतो, अर्ज मराठीत लिहा आणि वर कन्नडमध्ये दोन ओळी कुणाकडनं तरी लिहून घ्या, गावातल्या शाळेतलं पोर लिहून देतं. 1912 ला पलीकडं कन्नड बोलणारा असला तर ‘टीसी एण्णे सोरुत्तिदे, हळ्ळक्के होगुत्तिदे’ एवढं म्हणा, म्हणजे टीसीचं तेल गळतंय, ओढ्याला जातंय. पुढं टीसीचा नंबर आणि गावाचं नाव, ते कुठल्याही भाषेत सारखंच.

अर्जात तारीख, वेळ, टीसी नंबर, 1912 चा तक्रार नंबर, तेल कुठपर्यंत गेलं आणि तुम्ही काय अडवलं ते घाला, फोटो जोडा. तीन प्रती काढा, एक वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला, एक पंचायतीला, एक तुम्हाला. वीज कंपनीनं दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि पिकाचं, पाण्याचं नुकसान झालं असेल तर हरित लवादाकडं भरपाईसाठी 5 वर्षांच्या आत जाता येतं, आपल्याला चेन्नईचं खंडपीठ लागतं, तिथं हेच कागद कामाला येतात. काउंटरवर घेतला नाही तर भांडत बसू नका, पोस्टात जा आणि स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पाठवा. घेतला तर तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय तिथनं हलू नका.