पथ्य केलं, पिंपल्स ओसरले. मग चेहरा का उलतोय?

खान्देशातली पौषातली थंडी कोरडी असते. पहाटे धुळ्याचा पारा एक आकड्यावर येतो, दुपारी ऊन चटकतं आणि हवेत ओलावा म्हणून नसतो. या दिवसांत वाचकांच्या पत्रांत दोन तक्रारी हातात हात घालून येतात: पिंपल्ससाठी खाणं बदललंय, आणि कातडी कोरडी ठाक पडलीय. यावेळी तीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: मी २१ वर्षांची, अमळनेरला शिकते. दोन महिन्यांपूर्वी पिंपल्ससाठी साखर, चहा, बेकरीचं सगळं सोडलं. तेल-तूपही बंद केलं, भाजी उकडून खाते. पिंपल्स निम्म्याने कमी झाले, वजन सहा किलोने उतरलं. पण गालांवर पापुद्रे निघतात, ओठांचे कोपरे फुटतात, हसताना चेहरा ओढला जातो. आई म्हणते तेल-तूप खा. मैत्रिणी म्हणतात, तेलानेच पिंपल्स येतात. कुणाचं ऐकू?

उत्तर: आईचं ऐक. साखर आणि बेकरी सोडलीस ते उत्तम केलंस. तेल-तूप सोडलंस तिथे चुकलं.

चेहऱ्यावर जो तेलकटपणा येतो तो ताटातलं तेल झिरपून येत नाही. कातडीतल्या तेलग्रंथी तो स्वतः तयार करतात, आणि त्यांना हुकूम असतो हार्मोन्सचा. साखर, मैदा, पाव, बिस्किटं खाल्ली की रक्तातली साखर झपाट्याने चढते, मागोमाग इन्सुलिन चढतं, आणि त्याच्या जोरावर तेलग्रंथी जास्त काम करू लागतात. ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांना १२ आठवडे दोन प्रकारचा आहार देऊन पाहिला होता. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. साखर हळू चढवणारा आहार घेतलेल्यांचे पिंपल्स जास्त कमी झाले. त्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय आहारालाच देता येत नाही. तरी तुझा अनुभव त्याच्याशी जुळतो.

आता कोरडेपणाकडे येऊ. कातडीचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा, आणि मधला गिलावा स्निग्ध पदार्थांचा. या गिलाव्याला लिनोलेइक आम्ल नावाचं स्निग्धाम्ल लागतं. ते शरीराला बनवता येत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. १९२९ साली अमेरिकेतल्या बर या संशोधक दांपत्याने उंदरांना स्निग्धांश अजिबात नसलेलं खाणं दिलं, तर त्यांची कातडी खवल्यांसारखी झाली. दोन महिन्यांत तू त्या टोकाला पोचलेली नाहीस. पण थंडी, साखरेसोबत तेलही बंद आणि भराभर उतरलेलं वजन, असे तीन घाव एकदम बसल्यावर भिंतीतून पाणी उडून जाणारच. आणि गंमत नव्हे, काळजीची गोष्ट ही की पिंपल्स असणाऱ्यांच्या चेहऱ्यावरच्या तेलात लिनोलेइक आम्ल आधीच कमी आढळतं. ते खाण्यातून बंद करणं म्हणजे दुखऱ्या जागेवरच मार.

म्हणून उद्यापासून दिवसाला तीन-चार छोटे चमचे तेल स्वयंपाकात परत आण. शेंगदाण्याचं चालेल, करडईचं किंवा तिळाचं आलटून पालटून वापरलंस तर आणखी बरं. भाकरीवर चमचाभर तूप, जेवणात जवसाची किंवा तिळाची चटणी. भरीत पुन्हा सुरू कर. भाजलेलं वांगं, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि पळीभर तेल यात तुझ्या पिंपल्सना वाढवणारं काही नाही. सोबत कळण्याची भाकरी घे. ज्वारीत सालासकट उडीद दळलेला असतो, त्यामुळे प्रथिनं वाढतात आणि साखरही सावकाश चढते. आपल्या आज्या हे रोज खायच्या आणि आपण ते सोडून टोस्ट खायला लागलो, याचं मला खरंच वाईट वाटतं. मैद्याची खारी, गोड चहा, पाकिटातले ज्यूस मात्र बंदच ठेव. शेवभाजी महिन्यातून एक-दोनदा खाल्लीस तर काही बिघडत नाही.

बाहेरून काय करायचं तेही लिहिते, कारण पापुद्रे नुसत्या खाण्याने आठवड्यात जात नाहीत. वरचा थर पुन्हा तयार व्हायला साधारण महिना लागतो. चेहरा दिवसातून दोनदाच, कोमट पाण्याने, सौम्य फेसवॉशने धू. टिपून घे, घासू नकोस, आणि चेहरा ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लाव. बाटलीवर ग्लिसरीन आणि सेरामाइड हे शब्द शोध, शिवाय ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं असावं, म्हणजे ते छिद्रं बुजवत नाही. महागडं घ्यायची गरज नाही. पिंपल्सच्या चेहऱ्याला मॉइश्चरायझर लावायचं नाही, हा गैरसमज माझ्या दवाखान्यात रोज भेटतो. पिंपल्स आणि कोरडेपणा एकाच गालावर सुखाने नांदू शकतात. कातडी सुकली म्हणजे पिंपल्स हटले, असं नसतं. उलट सुकलेली कातडी जळजळते आणि मग पिंपल्सची औषधंही सोसत नाहीत.

एक राहिलं. ओठांचे कोपरे फुटतात आणि वजन सहा किलोने उतरलंय, म्हणून रक्ताची तपासणी करून घे: हिमोग्लोबिन, लोह, बी१२, थायरॉइड. पाळी पुढे जात असेल किंवा केस मुठीने गळत असतील तर आधी ते डॉक्टरांना सांग.

प्रश्न: आमची रावेरला केळीची बाग आहे. मुलगा १९ वर्षांचा, लहानपणापासून रोज शिकरण खातो. सहा महिन्यांपासून जिमला जातो, प्रोटीन पावडरही घेतो. आता पाठीवर आणि गालांवर मोठमोठे फोड आलेत. डॉक्टर, केळी बंद करू का?

उत्तर: केळी बंद करू नका. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती केळी पिकवणाऱ्या घरातलं पोर केळीला घाबरलं तर कसं व्हायचं? एक-दोन केळी, अगदी काळी पडलेली नकोत, नेहमीच्या पिवळ्या सालीची, जेवणासोबत किंवा मूठभर शेंगदाण्यांसोबत खाल्ली तर साखर एकदम चढत नाही. शिकरणातली वाढीव साखर तेवढी काढा.

माझा संशय पावडरवर आहे. दुधाच्या निवळीपासून काढलेलं व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पाठीवर, छातीवर असे फोड उठल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत आणि मीही जिमला जाणाऱ्या मुलांत पाहते. साध्या दुधाबद्दलचा पुरावा कच्चा आहे. दूध जास्त पिणाऱ्यांत पिंपल्स जास्त दिसतात, पण दुधानेच ते होतात असं त्यावरून ठरत नाही. म्हणून आधी फक्त पावडर थांबवा, तीन महिने. प्रथिनं उडीद, मूग, हरभरा, शेंगदाणे, अंडी खात असेल तर अंडी, यांतून येतील. फरक पडला नाही तर मग महिना-दोन महिने दूध कमी करून पाहा. दही-ताक ठेवा, आणि कॅल्शियमसाठी तीळ, नागली वाढवा. सगळं एकदम बंद केलं तर कशाने गुण आला हे कधी कळत नाही.

पावडरच्या डब्याचं लेबल एकदा नीट वाचा. जिममधून सुटी, बिनलेबलची पुडी किंवा इंजेक्शन घेत असेल तर स्पष्ट विचारा, रागावू नका. स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर फोड त्यानेच येतात. आणि मोठे, दुखरे फोड खड्डे ठेवून जातात. त्यांच्यासाठी आहाराची वाट पाहत बसू नका, त्वचातज्ज्ञांना आत्ताच दाखवा.

प्रश्न: रोज चार लिटर पाणी पितो, तरी कातडी कोरडीच. अजून वाढवू का? (चाळीसगाव)

उत्तर: नको. तहान भागते, लघवी फिकट होते, तेवढं पाणी पुरे. कातडीतला ओलावा वरून उडतो, त्याला वरूनच अडवावं लागतं. मात्र तहान सारखी लागत असेल आणि रात्री तीन-चारदा उठावं लागत असेल तर रक्तातली साखर तपासा.

प्रश्न: भुसावळला राहतो, वय ३४. बोअरचं पाणी, साबणाला फेस येत नाही. थंडीत कडकडीत पाण्याने आंघोळ करतो, संध्याकाळी शेकोटीपाशी बसतो. पायांवर पांढरे चरे उठतात, खाज येते, आणि हनुवटीवर फोड आहेतच. फोडांसाठी तिखट आणि तळलेलं सोडलंय.

उत्तर: तुमच्या पायांच्या कोरडेपणाचा आहाराशी फारसा संबंध नाही, तो आंघोळीचा आहे. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून जो चिकट साका बनतो, तो कातडीवर बसून राहतो. साधा साबण मुळात अल्कधर्मी, कातडी किंचित आम्लधर्मी, आणि वर कढत पाणी. भिंतीचा गिलावा धुऊनच निघतो. पाणी कोमट, आंघोळ पाच-सात मिनिटांत, साबण काख-जांघ-पायाच्या तळव्यांपुरता. बाकी अंगासाठी ‘सिंडेट’ प्रकारची, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी मेडिकलवर मागा. पायांवर ओलसरपणी पेट्रोलियम जेली किंवा ५ ते १० टक्के युरियाचं क्रीम चोळा. चरे फुटून आग होत असेल तोवर युरिया नको. शेकोटीपासून चार हात लांब बसा.

तिखट मात्र उगाच सोडलंत. ठेच्याने पिंपल्स येतात याला आधार नाही. जेवणात ठेचा नाही म्हणून दोन घास कमी जात असतील, तर परत सुरू करा. हनुवटीवर दाढीच्या जागीच फोड असतील तर वस्तरा बदला आणि केसांच्या उलट दिशेने दाढी करणं थांबवा.

प्रश्न: माझी मुलगी १५ वर्षांची, शहाद्याला शिकते. कपाळभर बारीक बारीक पुटकुळ्या. चॉकलेट, वेफर्स बंद केले. चेहरा कोरडा म्हणून मी रोज रात्री खोबरेल लावून देते, डोक्यालाही चोपून तेल. तरी कमी होत नाही.

उत्तर: ताई, काळजीपोटी करताय ते कळतं, पण चेहऱ्यावरचं खोबरेल आजच थांबवा. अंगाला, हातापायांना ते चांगलं. पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं. डोक्याचं तेल ओघळून कपाळावर येतं आणि केसांच्या रेषेलगत अशाच बारीक पुटकुळ्या उठतात, हे त्वचातज्ज्ञांनी १९७० पासून नोंदवलेलं आहे. तेल लावायचंच तर शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, न्हाण्याआधी तासभर, मग केस धुवून टाका. रात्रभर नको. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. चेहऱ्याला हलकं मॉइश्चरायझर पुरेल.

पुटकुळ्या सगळ्या एकाच आकाराच्या असतील आणि खाजत असतील तर ते बुरशीचंही असू शकतं. त्याचं औषध वेगळं, म्हणून एकदा दाखवा. चॉकलेटसाठी तिला ओरडू नका. या वयात खाण्यावरून सतत बोललं की मुली जेवणच कमी करतात, आणि ते पिंपल्सपेक्षा वाईट.

प्रश्न: वय २६, शिरपूर. पिंपल्ससाठी अडापलीन जेल तीन आठवडे लावतेय, साखरही सोडलीय. चेहरा लाल, सोललेला. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, दोन दिवसांत लाली गेली, गोरेपणाही आला. तीच चालू ठेवू का? उन्हाळ्यात लग्न आहे, मूलही लवकर हवंय.

उत्तर: त्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल. हे स्टेरॉइड आहे. २०१८ मध्ये सरकारने अशी क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली ती कारणाशिवाय नाही. लाली दोन दिवसांत जाते, महिना-दोन महिने लावलं की कातडी पातळ होते, नसा दिसू लागतात, आणि सोडताच फोड दुपटीने येतात. तुमचे फार दिवस झालेले नाहीत, आत्ताच थांबवा.

सोललं ते साखर सोडल्यामुळे नाही, जेलमुळे. पहिले तीन-चार आठवडे असं होतंच. आठवडाभर जेल बंद, फक्त मॉइश्चरायझर. मग एक दिवसाआड रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर आधी मॉइश्चरायझर, त्यावर वाटाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्याला मिळून, त्यावर पुन्हा मॉइश्चरायझर. नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडायचे. दिवसा सनस्क्रीन, आपल्याकडच्या उन्हात ते टाळून चालत नाही.

लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर ही गोष्ट आजच तुमच्या डॉक्टरांना सांगा. गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्याआधी अडापलीन बंद करायचं असतं. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर त्या चालू असताना आणि संपल्यावर किमान एक महिना गर्भ राहता कामा नये, त्याने बाळात गंभीर व्यंग येतात. अॅझेलाइक आम्लाचं क्रीम हा गरोदरपणातही चालणारा पर्याय आहे. अडापलीनऐवजी ते कधी सुरू करायचं, हे लग्नाची तारीख सांगूनच डॉक्टरांना विचारा. जाताना ती स्टेरॉइडची ट्यूबही सोबत घेऊन जा, नाव त्यांना कळायला हवं.