नेटवर्क इव्हेंटची एरर आली म्हणून लगेच फॉरमॅट मारू नकोस

अरे थांब, व्हर्ट-मॅनेजरच्या (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, सांभाळायचं ॲप) लॉगमध्ये ही एरर दिसली म्हणून अख्खं केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) उडवून परत टाकायची काही गरज नाही. लॉगमधली ती ओळ नीट वाच: कनेक्शन ड्रायव्हर हे फंक्शन सपोर्ट करत नाही, आणि पुढे नेटवर्क इव्हेंट नोंदवणाऱ्या कॉलचं नाव. हा कॉल लिबव्हर्टमध्ये (व्हर्ट-मॅनेजर जिच्यामार्फत व्हीएम हाताळतो ती लायब्ररी) 1.2.1 पासून, म्हणजे 2014 पासून आहे. त्यामुळे व्हर्जन जुनं असेल ही शंका सोड.

बहुतेक वेळा नेटवर्क ड्रायव्हरच बसवलेला नसतो. लिबव्हर्टमध्ये क्यूईएमयूचा (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) ड्रायव्हर वेगळा, नेटवर्कचा वेगळा. एक आहे म्हणून दुसरा असेलच असं नाही. टर्मिनलवर 'व्हर्श नेट-लिस्ट' ही नेटवर्कची यादी दाखवणारी कमांड चालवून बघ. तिथेही हीच कुरकुर आली, तर निदान पक्कं. फेडोरा लिनक्सवर नेटवर्क ड्रायव्हरचं वेगळं पॅकेज आहे, ते टाक. जेंटू लिनक्सवर 'व्हर्ट-नेटवर्क' यूज फ्लॅग (बिल्ड करताना एखादी सोय चालू करणारा पर्याय) लावून लिबव्हर्ट पुन्हा बिल्ड कर. मग लिबव्हर्टचा डेमन (मागे चालू राहणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट कर, चालू व्हीएम बंद पडत नाहीत. एररमध्ये सॉकेट (डेमनशी बोलायचा मार्ग) सापडत नाही असं आलं, तर मात्र भानगड वेगळी: 'व्हर्टनेटवर्कडी' हा नेटवर्कचा डेमन सुरू आहे का ते बघ.

आणि तू ईएसएक्सला (व्हीएमवेअरची व्हीएम चालवणारी सर्व्हर प्रणाली) जोडला असशील, तर हा मेसेज सरळ दुर्लक्षित कर. तिथल्या ड्रायव्हरमध्ये ही सोयच नाही. व्हर्ट-मॅनेजर मग स्वतःच थोड्या थोड्या वेळाने विचारपूस करत राहतो.